काय जेवलीस?

आमच्या भागात बाई बाईला भेटली की विचारते, "जेवलीस का?" उत्तर ठरलेलं असतं. "हाव, जेवले." जेवलेली असो वा नसो. ताडकळसच्या दवाखान्यातल्या नर्स यमुनाबाई तसं विचारत नसत. त्या विचारत, "काय जेवलीस?" समोरची गडबडली की दुसरा प्रश्न येई, "कुणाच्या मागून?" त्याच्या उत्तरासाठी त्या थांबत नसत. तोवर त्यांचा अंगठा समोरच्या बाईच्या डोळ्याखाली गेलेला असे. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा आणि एक शिवी हासडायची, ही त्यांची रीत. शिवी त्या बाईला नसे. कुणाला असे ते तिला बरोबर कळे, म्हणून ती पदर तोंडाला लावून हसे.

माझी पापणी त्यांनी ताडकळसच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत ओढली. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्या सुमाराची गोष्ट. मी लहानपणापासून हैदराबादेला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. राज्य मोडल्यावर मामांची नोकरी इकडे आली आणि मला गावी पाठवण्यात आलं. आमचं गाव ताडकळसपासून दोन कोसांवर. स्वतःच्या घरात मी पाहुणीसारखी वावरत होते. मराठीत बोलायचं तर आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असे. त्यामुळे मी गप्प बसून बघत राहायची.

"रंग बरा हाय," माझ्या डोळ्यात बघून त्या म्हणाल्या. "हे इथलं रक्त न्हाई. कुठून आलीस?"

"हैदराबादेहून."

"तरीच. कुणाची तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांचा आवाज एकदम चढला. "म्हंजी सुभद्राची नणंद! मंग तू एकटीच कामून आलीस? तिला आण दवाखान्यात. दिवस गेलेत न्हवं तिला? तोंड बघितलंस का तिचं? पिठासारखं झालंय."

हे बोलताना त्या शेंगदाणे आणि गूळ खात होत्या. उभ्यानं, रस्त्यात. कमरेला एक कापडी पिशवी असे, तिच्यात हात घालायचा, मूठभर काढायचे आणि चावत चावत चालायचं. बाईमाणसानं रस्त्यात खाणं म्हणजे आमच्याकडे लाज सोडणं. कुणी तसं म्हटलं की त्या म्हणत, "भूक रस्त्यात लागली, खाऊ कुठं?" उंच, काळ्यासावळ्या, मनगटं पुरुषासारखी रुंद. अंगावर दवाखान्याचं पांढरं लुगडं आणि कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. निजामाच्या अमदानीत हैदराबादच्या दवाखान्यात त्या शिकल्या होत्या, म्हणून बोलण्यात हजम, ताकद, कमजोरी असे शब्द यायचे. नवऱ्याबद्दल कुणी खोदून विचारलं तर म्हणत, "नवरा हाय, निजामाबादेला. जिता हाय एवढं मला ठावं हाय. दुसरीच्या हातचं खायलाय. खाऊ द्या."

दवाखान्यात मी जाऊ लागले ती एका तक्त्यामुळे. वरून कुठून तरी आहाराचा एक मोठा रंगीत तक्ता आला होता, आणि त्यावर सगळं इंग्रजीत लिहिलं होतं. यमुनाबाईंनी मला बोलावून घेतलं. बाकावर दहाबारा बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. मी तक्ता वाचून दाखवला. पाव, लोणी, अंडी, मासे, सफरचंद, संत्री. मध्ये एक गुबगुबीत गोरं मूल हसत होतं. हे सगळं माझ्या शाळेच्या पुस्तकातही होतं. परीक्षेत मी ते न चुकता लिहिलं होतं. त्याचा आमच्या घरच्या चुलीशी काही संबंध असेल असं तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

"ह्यात जवारी दाव," यमुनाबाई म्हणाल्या.

"नाही."

"तूर? अंबाडीची भाजी? शेंगदाणे?"

"नाहीत."

"मंग हे कुणाचं पोट हाय?" असं म्हणून त्यांनी तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर कोळशानं एक घर काढलं. आमच्याकडे असतं तसं, मातीच्या भिंतींचं, वर मातीचंच सपाट माळवद. आत एक चूल काढली. मग बायकांकडे वळल्या. त्या शिकवत तेव्हाही भांडल्यासारख्याच बोलत.

"हे तुझं अंग हाय. चुलीला जळण लागतं का न्हाई? भाकर, गूळ, तेल हे जळण. ह्याच्यावर तू चालतीस, दळतीस, पाणी वाहतीस. पण निस्त्या जळणानं घर उभं ऱ्हातं का? दर साली माळवदावर पांढरी माती न्हाई टाकली तर काय हुतं?"

"गळतं," बायका म्हणाल्या.

"हां. अंग बी रोज झिजतं. कातडी झिजते, केस गळतात, रक्त जुनं हुतं. ते रोज लिंपावं लागतं. त्याची माती म्हंजी डाळ, शेंगदाणे, दूध, अंडं. एकटी भाकर अर्धी भिंत बांधती, संगं डाळ आली की भिंत पुरी हुती. रक्ताला पालेभाजी लागती, हाडाला दूध लागतं. आता सांगा, जळण सरलं तर काय हुतं?"

"चूल इझती," बायका म्हणाल्या.

"चूल इझत न्हाई. चूल इझली की माणूस गेलं. म्हणून अंग काय करतं, आपल्याच आढ्याचं लाकूड काढतं अन् चुलीत घालतं. भायेरून घर उभं दिसतं. आतले वासे गेलेले असतात. अन् पोटात लेकरू असलं तर? ते काय आईला इचारून घेतं? ते तिच्या हाडातला चुना काढतं अन् आपलं घर बांधतं."

एका म्हाताऱ्या बाईनं बोळकं उघडून दाखवलं. "तरीच गं माय! माझं समदं दाराकवाड पोरांनीच नेलं म्हण की!"

सगळ्या हसल्या. यमुनाबाई हसल्या नाहीत. "हसा," त्या म्हणाल्या. "घरोघर वासे जळायलेत, अन् तुमी हसा."

आमच्या घरात जळण आणि माती दोन्ही होतं. माजघरात ज्वारीची आणि तुरीची पोती भिंतीला लागून उभी असत. गोठ्यात दोन म्हशी होत्या. माझी वहिनी सुभद्रा पेडगावकडची, अंगानं बारीक, सगळ्यांत आधी उठून सगळ्यांत शेवटी जेवणारी. आधी वडील आणि दादा, मग गडी, मग मी, कारण मी घरची लेक, मग आई. चुलीपुढे बसून भाकरी थापत वहिनी सगळ्यांना वाढायची. शेवटी भाकरी उरायची. कोरड्यासाचं, म्हणजे डाळभाजीचं, भांडं मात्र तळ खरवडलेलं असायचं. वहिनी भाकरीला तिखटमीठ लावून पाण्याबरोबर गिळायची आणि भांडी घेऊन उठायची. दिवस गेल्यापासून तिला मातीची भूक लागली होती. माजघराच्या भिंतीला एका ठिकाणी, तिच्या हाताच्या उंचीवर, खळगा पडला होता. आई रोज तो लिंपून घ्यायची आणि वहिनीच्या अंगावर ओरडायची. भिंत लिंपायची असते हे आईला ठाऊक होतं.

मी वहिनीला दवाखान्यात नेऊ शकले नाही, आईनं सोडलं नाही. मग यमुनाबाईच घरी आल्या. आईनं पाट दिला, त्यावर न बसता त्या सरळ चुलीपाशी गेल्या आणि रिकामं भांडं उचलून त्यात बघितलं.

"हिला काय उरलं?"

"भाकरी हायेत की," आई म्हणाली. "अन् दिवस गेलेल्या बाईनं बेतानंच खावं. लय खाल्लं की लेकरू पोसतं, अन् मंग अडतं. माझी जाऊ तशीच गेली. तीन दिस अडली होती. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, नर्सबाई. तुमी न्हवता."

आईची ती भीती खरी होती, हे मी सांगितलं पाहिजे.

"ते वाईट झालं," यमुनाबाई म्हणाल्या. "पण ती खाऊन अडली न्हवती. बाई लहानपणापासून उपाशी वाढली की तिच्या कंबरेची हाडं लहान ऱ्हातात. लेकराला वाट मिळत न्हाई. आता उपाशी ठेवून काय हुणार? लेकरू बारीक हुईल, अन् आई त्याच्याहून बारीक." मग त्यांनी आईची पापणी ओढली. आईला काही कळायच्या आतच. "घ्या! तुमच्यात बी रक्त न्हाई, मालकीणबाई. घरात तुरीची पोती, अन् बाया कोऱ्या कागदासारख्या."

"मला काय धाड भरलीय? सात बाळंतपणं झाली माझी."

"जगली किती?"

आई उठून गोठ्याकडे गेली. त्या दिवशी आमच्या घरी यमुनाबाईंना कुणी पाणी विचारलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांनी मुलगा व्हावा म्हणून आईनं वहिनीला सोमवार धरायला लावले. ही बातमी ताडकळसला पोचली आणि पुढच्याच सोमवारी दुपारी यमुनाबाई बैलगाडीतून उतरल्या त्या ओरडतच. "उपास? जी रोज उपाशी हाय तिला आनखी उपास धरायला लावता? महादेवाला डोळे हायेत का न्हाईत?" असं बोलत त्या देवघराच्या दारापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या.

वहिनी देवापुढे पाटावर बसली होती. समोर पितळी ताट होतं. त्यात भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेलं रताळं आणि वाटीभर म्हशीचं दूध. ओसरीवर पुरुषांची पानं अजून मांडायची होती.

"हे समदं हिचं एकटीचं?" यमुनाबाईंनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मंग?" आई अभिमानानं म्हणाली. "देवाच्या नावचं हाय. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. उपासाला कमी केलं तर व्रत लागू हुत न्हाई."

यमुनाबाईंनी एकदा त्या ताटाकडे बघितलं. मग त्यांनी आईपुढे हात जोडले. "मालकीणबाई, चुकले मी. उपासात लय ताकद हाय."

त्यानंतर त्या उपासाच्या मागेच लागल्या. दर खेपेला नवं व्रत. "गुरुवार धरला का गं सुभद्रा? दत्ताचा धर. शनवारी मारुतीचा, लेकराच्या हाडाला बळ येतं. चतुर्थी तर सोडूच नको. अन् मालकीणबाई, उपासाला खजूर लय पवित्र, तेवढं बाजारातून आणा बरं का." आई खूश होती. नर्सबाई ताळ्यावर आली असं ती सगळीकडे सांगायची. शेजारच्या घरांतल्या सुनाही उपास धरू लागल्या. देवळातला गुरव मला म्हणाला, "तुमच्या नर्सबाईमुळं गावात धर्म वाढला, ताई."

हे मी यमुनाबाईंना सांगितलं आणि मला हसू आलं. त्या माझ्यावरच कडाडल्या. "ह्यात हसण्यासारखं काय हाय? बाईला पोटभर खायला देवाची चिठ्ठी लागायलीय. घरच्या चार माणसांत एकाला बी वाटत न्हाई, की हिच्या ताटात काय हाय ते बघावं. तू इंग्रजी शिकलीस न्हवं? सांग, इंग्रजीत ह्याला काय म्हणतात?"



वहिनीनं भिंत खरवडणं सोडलं. खळगा लिंपला होता तसाच राहिला. तिच्या गालांना रंग आला, पाण्याची घागर घेऊन येताना ती गुणगुणू लागली. एकदा तिनंच माझ्यासमोर स्वतःची पापणी ओढून दाखवली. "बघा बरं वन्सं, लाल झाली का?" झाली होती.

मुलगी झाली. चांगली वजनदार, आवाज तर ओसरीपर्यंत ऐकू आला. बाळंतपण यमुनाबाईंनीच केलं. लेकराला दोन्ही हातांवर उचलून त्या बाहेर आल्या. "बघा मालकीणबाई! एवढी पोसलेली, अन् अडली का?"

"पोरगी हाय," आई म्हणाली.

डिंकाचे लाडू आधीच वळून ठेवलेले होते. ते वहिनीला दोनतीन दिवस मिळाले. मग डबा वर शिंक्यात गेला. पुढे दादा सकाळी म्हशीच्या धारेनंतर तेच लाडू दुधाबरोबर खाताना दिसला. डिंक, खोबरं, खारीक. बाळंतिणीची झीज भरून काढण्यासाठी केलेले. दादाची कसली झीज झाली होती हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

उपासही बंद झाले. व्रत मुलासाठी होतं, मुलगी झाली, म्हणजे व्रत संपलं. यमुनाबाईंनी पुढच्या मुलासाठी पुन्हा सोमवार धरावेत असं सुचवून बघितलं. पण आई आता फसायला तयार नव्हती.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्यामुळंच पोरगी झाली. सोमवार एकटा असता तर महादेवानं ऐकलं असतं. तुमी समदे देव एका पोटात बोलावले. त्यांचं आपसात भांडण झालं, कुणाचंच चाललं न्हाई."

पोरीचं नाव छबू ठेवलं. ती अंगावर पीत होती आणि वहिनी पुन्हा खरवडलेल्या भांड्यापुढे बसत होती. छबू मात्र वाढत होती. यमुनाबाई म्हणत, "दूध येणारच. अंग आपलं सोडतं अन् लेकराला देतं. त्यात तर बाई फसती. समद्यांला वाटतं, हिचं बरं चाललंय."

शेवटी त्या दादाशी बोलायला गोठ्यात गेल्या. मी छबूला घेऊन दाराशी उभी होते. दादा म्हशीपुढे सरकी आणि पेंड ठेवत होता.

"काय जेवती ही?" यमुनाबाईंनी विचारलं.

"सरकी, पेंड, सांच्याला उलीसा गूळ. गाभण हाय, नर्सबाई. तिला कमी पडून कसं चालंल?"

"अन् सुभद्रा काय जेवती?"

दादानं वर बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. वहिनीवर त्यानं कधी हात उचलला नाही, आणि त्याबद्दल गावात त्याचं कौतुक होतं. "ते बायकांचं हाय," तो म्हणाला. "मी कसा बोलू चुलीतलं? जेवत आसंल की."

"आसंल की," यमुनाबाई म्हणाल्या. "म्हशीचं तुमाला ठावं हाय, अन् बायकूचं आसंल की." त्या जोरात हसल्या. ते हसणं ऐकून छबू रडू लागली.

त्या दिवसापासून त्यांना आमचं घर बंद झालं. वर्ष उलटायच्या आत वहिनीला पुन्हा दिवस गेले. यमुनाबाई बाजारात गाठून माझ्याकडे शेंगदाण्यांची पिशवी द्यायच्या. मी ती वहिनीच्या हातात ठेवायची. ती दाणे चावून बारीक करायची आणि छबूच्या तोंडात घालायची. "मला काय हुतंय वन्सं," म्हणायची. भिंतीतला खळगा पुन्हा पडला, आणि या वेळी खोल गेला.

सातव्या महिन्यात भर दुपारी तिला कळा लागल्या. वडिलांनी गाडी पाठवून यमुनाबाईंना आणलं. मूल मेलेलंच जन्मलं. मुलगा होता. वहिनी त्याच्यानंतर दिवे लागायच्या आत गेली. यमुनाबाई हात धुऊन ओसरीच्या कडेला बसल्या. कुणी दृष्ट म्हणत होतं, कुणी नशीब. वडिलांनी विचारलं, "कशानं गेली, बाई?"

"भुकेनं."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. दादा म्हणाला, "आमच्या घरात भूक? काय बोलायलात नर्सबाई? माजघरात जाऊन बघा, पोती दिसंनात का तुमाला?"

"जवारी पोत्यात हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "तिच्यात न्हवती. जेवढं रक्त आज गेलं तेवढं कुणा बी बाईचं जातं. ती दुसऱ्या दिवशी उठून बसती. हिच्यात जाऊ द्यायलाच काही न्हवतं." मग त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले, थोडा वेळ हातात धरले आणि अंगणात फेकून दिले. त्यांना अन्न फेकताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

चार महिन्यांत दादाचं दुसरं लग्न झालं. कमल आली. पंधरासोळा वर्षांची, दांडगी, हसरी. आमच्या घरात ती वर्षभर शेवटी जेवली आणि मग चक्कर येऊन पडू लागली. एकदा आडावर, एकदा चुलीपुढे. हातपाय गार, ओठ पांढरे. घरात याचा अर्थ लगेच लागला. पहिली सवत हिला धरते आहे, तिचा जीव घरात अडकला आहे. अंगारे झाले, लिंबू उतरून झालं. शेवटी जाणत्या बायकांनी सांगितलं की यंदा अविधवा नवमीला तिचं नीट करा. पितृपंधरवड्यात त्या दिवशी, अहेवपणी मेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. तिला आवडणारी सवाष्ण बोलवा, म्हणजे ती तृप्त होईल.

"तिला कोण आवडायचं?" आईनं मला विचारलं.

मी नाव सांगितलं. या खेपेला वाक्य मनात जुळवावं लागलं नाही. आईचं तोंड पडलं, पण कमल त्या सकाळीही पडली होती. आई घाबरलेली होती.

निरोप द्यायला मीच गेले. यमुनाबाई सामान बांधत होत्या. त्यांची बदली जिंतूरकडे, चारठाण्याला झाली होती, दोन दिवसांत निघायचं होतं. "मला? सवाष्ण म्हणून?" त्यांनी आरशात बघून कुंकू नीट केलं. "येते. निजामाबादेवाल्याचा एवढा तरी उपेग हुऊ दे."

त्या आल्या त्या हिरवं लुगडं नेसून. स्वयंपाक कमलनं एकटीनं पहाटेपासून केला होता. पुरणपोळी, कढी, भजी, वडे, खीर. वहिनीच्या नावाचं पान माळवदावर ठेवलं. कावळ्यांनी वेळ लावला नाही. मग आईनं माजघरात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, यमुनाबाईंची ओटी भरली आणि त्यांच्यापुढे भरलेलं ताट ठेवलं. वर तुपाची धार सोडली. पुरुष ओसरीवर खोळंबले होते. सवाष्ण जेवल्याशिवाय त्यांना वाढायचं नव्हतं.

"जेवा," आई म्हणाली. "तिच्या नावानं."

यमुनाबाईंनी ताटाला हात लावला नाही. "हे घरातलं पैलं ताट?"

"हाव. आज तिचा मान पैला."

"जिती होती तवा एक दिवस तरी होता का?"

यमुनाबाई उठल्या, चुलीपुढे बसलेल्या कमलच्या दंडाला धरून तिला उजेडात आणलं आणि पापणी ओढली. या वेळी शिवी दिली नाही.

"हिला कुणी धरलेलं न्हाई, मालकीणबाई. सुभद्रा कुणाला धरणारी बाई न्हवती. हिला तेच झालंय जे तिला झालं होतं. घरात भूत हाय, पण ते मेलेलं न्हाई. ते रोज चुलीपाशी बसून कुणाला किती वाढायचं ते ठरवतं." मग कमलला म्हणाल्या, "कुंकू हाय न्हवं कपाळाला? मंग तू बी सवाष्णच. बस पाटावर."

कमल आईकडे बघू लागली.

"अहो, घरच्या सुनेला कसं बसवायचं?" आई म्हणाली. "भायेर पुरुष बसायचेत आजून."

"ही जेवली की मी जेवले. ही उठली तर मी बी उपाशी उठते, अन् जाताना गावाला सांगत जाते, नवमीची सवाष्ण ह्या घरातनं उपाशी गेली म्हणून. मंग सुभद्रा काय करायची ती करंल."

आई भिंतीला टेकून खाली बसली. त्याच भिंतीला, त्या खळग्याच्या जवळ. तिचा चेहरा मला बघवेना. "बस गं," ती कमलला म्हणाली.

कमल बसली. पहिला घास तिनं चोरून घ्यावा तसा घेतला. दुसरा घेताना इकडेतिकडे बघितलं. मग तिचं बघणं थांबलं. पोळीचं तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, ते तिनं पुसलं नाही. यमुनाबाई माजघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून. त्यांच्या पाठीमागे ओसरीवरचं सगळं झाकलं गेलं. छबू धावत कमलजवळ गेली आणि ताटातला वडा उचलला. कुणी तिला अडवलं नाही.

बाहेरून दादा आला. दारापाशी थांबला. पलीकडून वडिलांच्या खाकरण्याचा आवाज आला.

"माय, वाढा की," दादा म्हणाला. "कवाचे बसलोत आमी. भूक लागलीय."

यमुनाबाईंनी हात काढले नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ती जेवायलीय."